पायवाट आणि प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनांविषयी लिहिताना टीकाकार बहुधा छापील पुस्तके समोर ठेवतो. प्रस्तुत लेखाचा आरंभ मात्र एका हस्तलिखित वहीपासून करावा लागत आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ही वही आमच्या पुतणीची. ती नोकरीनिमित्त जपानांत नागोया शहरी राहते. एका शनिवार-रविवारी तिने तेथील डोंगराळ मुलखात पायी फेरी केली, तिचे वर्णन चाळीस पानांत लिहिले आणि सुटीवर बेलवलीस आली तेव्हा ते माझ्या हाती दिले. "काका, छापण्याजोगे आहे का ते स्पष्ट सांगा," एवढीच तिची सूचना होती. पस्तीस वर्षे परीक्षणे लिहिणाऱ्या माणसास अशी सूचना म्हणजे आमंत्रणच! मी वही वाचली व समासांत पेन्सिलीने बरेच काही लिहिले. त्यानंतर जे घडले त्यामुळे माझी काही मते मला बदलावी लागली. आणि ही मते एका वहीपुरती नसून एकंदर मराठी प्रवासवर्णनास लागू असल्यामुळे ती येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम त्या फेरीची हकीकत. एदो, म्हणजे आजचे तोक्यो, व क्योतो या दोन राजधान्यांस जोडणारे जे जुने हमरस्ते जपानांत होते, त्यांपैकी डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याचे नाव नाकासेंदो. सुमारे ५३० किलोमीटरांच्या या वाटेवर ६९ टप्पे होते. प्रत्येक टप्प्याच्या गावी घोडे व हमाल बदलावयाचे, सरदारांनी उतरावयाचे, सरकारी टपाल पुढे धाडावयाचे. यांपैकी त्सुमागो हा बेचाळिसावा व मागोमे हा त्रेचाळिसावा टप्पा. दोहोंमध्ये अंतर सुमारे आठ किलोमीटर. मध्ये सुमारे आठशे मीटर उंचीची एक खिंड. आमची पुतणी शनिवारी सकाळी मागोमेहून निघाली, खिंड चढून उतरली, वाटेतल्या एका जुन्या चहाघरात बसली, नर व मादी म्हणून ओळखले जाणारे जोडधबधबे तिने पाहिले आणि दुपार कलताना ती त्सुमागोस पोचली. तेथे रात्र काढून रविवारी आगगाडीने मात्सुमोतो या लहानशा शहरी गेली. तेथला काळा लाकडी किल्ला व पांढऱ्या-काळ्या भिंतींच्या जुन्या वखारींची गल्ली पाहून रात्री घरी परतली. दोन दिवसांत एवढेच. मोठे शहर नाही, की जगप्रसिद्ध देऊळ नाही.

वही वाचून मी तीन दोष काढले. पहिला असा की, लेखिका चालली खरी, परंतु तिचे गद्य चालत नाही. मागोमे सोडल्यावर दुसऱ्याच परिच्छेदात त्सुमागो येते. मधले आठ किलोमीटर 'निसर्गरम्य' या एका शब्दात गुंडाळले आहेत. दुसरा असा की, प्रत्येक दृश्यामागून एक उपदेश येतो. गाडी मिनिटाच्या काट्यावर आली, लगेच आपल्या गाड्या. वाटेवर कागदाचा कपटा दिसला नाही, लगेच आपले रस्ते. वाचकास देखावा पुरता दिसण्याआधीच त्याच्या हातांत प्रगतिपुस्तक दिले जाते. तिसरा दोष हा की, माणसे नाहीत. चहाघरात चहा कोणी दिला? खाणावळीची मालकीण तरुण की वृद्ध? कोणी काही विचारले, काही सांगितले? वहीत ते नाही.

यांतील दुसऱ्या दोषाचे खापर मात्र मी तिच्या एकटीच्या माथी मारले नाही. जपानकडे धडा म्हणून पाहण्याची सवय मराठी मनास फार जुनी आहे. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, तेव्हापासून आपल्या लेखकांनी त्या देशाकडे एक वडीलभाऊ म्हणूनच पाहिले. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानी स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली व त्या प्रेरणेतून १९१६ साली आपले महिला विद्यापीठ उभे राहिले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. अशा धड्याने आपले कल्याणच झाले. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु विद्यापीठ काढणे वेगळे आणि प्रवासवर्णन लिहिणे वेगळे. धडा घेणारा माणूस जे उपयोगी तेवढेच पाहतो. साहित्यास निरुपयोगी गोष्टींचीही गरज असते: ओल्या गवताचा वास, कोणा म्हातारीच्या कंबरेचा बाक, पायास आलेला फोड.

आपल्या उत्तम लेखकांनी हे बंधन तोडलेले आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' १९६३ साली निघाले. त्यात जपान आहे. पण तो धड्याच्या पुस्तकातला नाही. कलावंताच्या कुतूहलाने आणि विनोदाने पाहिलेला आहे. लेखक स्वतः हास्यास्पद ठरण्यास कोठेही भीत नाही, आणि म्हणूनच परका माणूस तेथे आपल्याला परका वाटत नाही. प्रभाकर पाध्ये यांनी आपल्या जपानवरील पुस्तकास 'तोकोनोमा' हे नाव दिले. तोकोनोमा म्हणजे जपानी दिवाणखान्यातला तो कोनाडा, जेथे एखादे चित्र टांगतात, एखादे फूल ठेवतात आणि बाकी जागा मोकळी सोडतात. सौंदर्यशास्त्राचा विचार करणाऱ्या लेखकाने एका देशाची ओळख करून देताना त्याच्या कारखान्याचे किंवा किल्ल्याचे नाव न घेता भिंतीतल्या मोकळ्या जागेचे घ्यावे, यांतच त्याची दृष्टी दिसते. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या दोन्ही लेखकांचा जपान हा मुख्यतः बसून पाहिलेला, बोलून जाणलेला जपान आहे. पायांना तेथे फारसे काम नाही.

पायांनी लिहिलेले गद्य मराठीत नाहीच, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या प्रवासवाङ्मयाच्या आरंभीच असे एक पुस्तक उभे आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता कानी आली होती, घरी कर्ज होते, दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाच्या वावटळीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, अनेकदा लुटले गेले आणि अखेर गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परतले. त्यांचे 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाचे सामर्थ्य कशात आहे? इतिहासाच्या दृष्टीने त्यात चुका काढता येतील. पण भुकेला, थकलेला, भ्यालेला, दक्षिणेच्या हिशेबात गुंतलेला एक भिक्षुक प्रत्येक पानावर पाऊल टाकीत आहे, हे वाचक क्षणभरही विसरत नाही. रस्ता तेथे केवळ देखावा नाही. तो लेखकाच्या देहावरून गेलेला आहे.

पुढे इरावतीबाई कर्व्यांनी पंढरीच्या वारीत चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला. तो १९४९ च्या 'परिपूर्ती'त आहे. त्यातही चालणे हेच पाहण्याचे साधन झाले आहे. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणत चालणारी माणसे जेवावयास मात्र जातीने वेगळी बसतात, हे सत्य मोटारीतून जाणाऱ्यास दिसणारे नव्हे; ते मुक्कामाच्या चुलीपाशीच कळते. गो. नी. दांडेकरांनी नर्मदेच्या परिक्रमेतून जे आणले तेही असेच पायांनी कमावलेले धन होते. म्हणजे मराठी माणूस चालतो; पण देवासाठी, दक्षिणेसाठी, नाइलाजासाठी चालतो. दोन दिवसांची सुटी काढून, कोणताही नवस नसताना, केवळ एका गावाहून दुसऱ्या गावास चालत जावे आणि त्याचे वर्णन लिहावे, ही गोष्ट आपल्याकडे विरळा. त्यामुळे पुतणीच्या वहीकडून माझी अपेक्षा मोठी होती, आणि निराशाही त्या मानाने मोठी झाली.

हे सारे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, तुम्ही बेलवलीहून अंबरनाथला पायी कधी गेला आहात?"

मी गेलो नव्हतो. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. बदलापूर ते अंबरनाथ हे लोहमार्गाचे अंतरही सुमारे आठ किलोमीटरच भरते. म्हणजे मागोमे ते त्सुमागो जितके, तितकेच. ते मी हजारो वेळा कापले असेल. पण नेहमी उभ्याने, दाराशी, कोणाच्या तरी खांद्याआडून. दुसऱ्यांच्या चालण्याचे गुणदोष ठरविणाऱ्या टीकाकाराच्या पायाखाली स्वतःच्या गावची वाट नव्हती, ही गोष्ट त्या प्रश्नाने उघडी पडली. पुढच्याच रविवारी पहाटे मी काठी घेऊन निघालो.

बेलवलीची वस्ती मागे पडेपर्यंत उजाडले. एका अंगास चंदेरी-माथेरानच्या रांगेची करवत धुक्यातून वर येत होती. या रांगेखालून किती वर्षे गेलो. परंतु एक सुळका दुसऱ्याच्या आडून हळूहळू बाहेर सरकतो, ही गोष्ट गाडीच्या वेगात कधी कळली नव्हती. चालणाऱ्यासमोरच डोंगर हलतात. रस्ता मात्र चालणाऱ्यासाठी केलेला नाही. कडेची माती कोठे खणलेली, कोठे टपऱ्यांनी व्यापलेली. मोटारी अंगावरून जातात. नव्या इमारतींच्या रांगा, त्यांच्या फाटकांवर परदेशी बागांची नावे, मग औद्योगिक वसाहतीचे पत्रे आणि नाकास झोंबणारा वास. एका वळणावर जुने वडाचे झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड व शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेली एक ठाकरीण. तिने मला पाहून विचारले, "गाडी चुकली का, बाबा?" या रस्त्याने पांढरपेशा माणूस पायी जातो तो गाडी चुकली म्हणूनच, दुसरे कारण असू शकत नाही! मी हो म्हटले. खोटेच बोललो, पण खरे सांगणे तिला अधिक खोटे वाटले असते.

नऊच्या सुमारास अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी पोचलो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख या देवळात आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात ते पुरे झाले. बाहेरच्या भिंतीवर दगडाचा कण न् कण कोरलेला. आत पायऱ्या उतरून गेले की गाभाऱ्यावर छत नाही, वर आकाश. शेजारून वालधुनी वाहते. देवळाच्या कारागिरांनी जी नदी पाहून जागा निवडली असेल, तिचे पाणी आज कारखान्यांच्या सांडपाण्याने कोणता रंग घेते ते सांगवत नाही. हीच नदी पुढे उल्हासनगरातून जाते. फाळणीनंतर सिंधी निर्वासित लष्कराच्या रिकाम्या छावणीत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे नगर झाले. तेथे वस्त्यांस अजून 'कॅम्प' म्हणतात. एका सकाळच्या चालीत नऊशे वर्षांचे देऊळ, शंभर वर्षांचे कारखाने आणि निर्वासितांचे शहर! नाकासेंदोवर यापेक्षा अधिक काय आहे?

हा प्रश्न मी अभिमानाने विचारला. पण परतीच्या वाटेवर त्याचे उत्तर शोधू लागल्यावर अभिमान पुष्कळ उतरला. बदलापूर हे नावच, लोक सांगतात त्याप्रमाणे, येथे घोडे बदलीत म्हणून पडले. ही व्युत्पत्ती पंडितांच्या कसोटीस उतरो वा न उतरो, गावाने ती जपली आहे. म्हणजे आमचे गावही लोकांच्या आठवणीत एक टप्प्याचेच गाव, त्सुमागोचे भावंड. मग दोघांच्या कपाळी इतका वेगळा लेख का आला? त्सुमागोच्या बाबतीत कारण असे की, १९११ साली त्या खोऱ्यातून आगगाडी गेली ती गावास बाजूस टाकून. घोडे गेले, हमाल गेले, तरुण गेले. नवी घरे बांधण्यास पैसा उरला नाही, म्हणून जुनी उभी राहिली. दारिद्र्याने जे राखले ते गावकऱ्यांनी पुढे निश्चयाने राखले. १९६८ पासून घरांची डागडुजी सुरू झाली. १९७१ साली गावाने तीन नियम केले: घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, पाडावयाचे नाही. विजेच्या तारा दृष्टीआड केल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारीस मज्जाव केला. मात्सुमोतोचा किल्लाही असाच वाचला. १८७२ साली तो पाडण्यासाठी लिलावात विकला गेला होता; इचिकावा र्‍योझो नावाच्या एका गावकऱ्याने त्यातच प्रदर्शने भरवून पैसा उभा केला व तो सोडविला.

आमच्याकडे आगगाडी बाजूने गेली नाही; ती १८५६ सालीच गावात आली. तिने रोजगार आणला, शाळा आणल्या, माझ्यासारख्यांस मुंबईची वाचनालये उघडून दिली. तिला दोष देणे कृतघ्नपणा होईल. परंतु जेथे गाडी थांबते तेथे माणूस चालण्याचे थांबवितो, आणि जेथे कोणी चालत नाही त्या वाटेस राखणारा उरत नाही. पुतणीच्या वहीत 'त्यांच्याकडे शिस्त आहे, आपल्याकडे नाही' एवढेच होते. ते उत्तर म्हणून अपुरे आहे. खरे उत्तर गाडीच्या रुळांत, लिलावाच्या कागदांत आणि तीन नियमांच्या ठरावात आहे. प्रवासलेखकाने तुलना करूच नये, असे माझे म्हणणे नाही; तुलना करावी, पण कारणापर्यंत जावी.

आणखी एक गोष्ट. मागोमे पाहावयास जे लोक जातात, ते वास्तविक जुने गाव पाहातच नाहीत; १८९५ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला व पुढे पुन्हा आग लागली. आज दिसते ते पुष्कळसे नंतर उभारलेले. मग तेथे जाण्यासारखे काय आहे? एक कादंबरी आहे. शिमाझाकी तोसोन हा लेखक १८७२ साली याच गावी जन्मला. त्याचे वडील टप्प्यावरील सरदारी मुक्कामाच्या वाड्याचे प्रमुख होते. १९२९ ते १९३५ या काळात तोसोनने 'योआके माए', म्हणजे 'उजाडण्यापूर्वी', ही कादंबरी लिहिली. १८५३ साली अमेरिकन जहाजे किनाऱ्यास लागल्यापासून पुढची तीसेक वर्षे या डोंगरातल्या एका टप्प्यावरून तिने दाखविली आहेत. राजधानीत काय घडले ते तेथे वाटसरूंच्या तोंडून, हमालांच्या मागणीतून, रस्त्याच्या गर्दीतून कळते. नव्या राज्याकडून नायकाला मोठी आशा असते. पण गावकऱ्यांचे रानावरचे हक्क जातात, आशा मावळते आणि शेवटी त्याची बुद्धी भ्रमते. नायकाच्या रूपाने तोसोनने आपल्या वडिलांचेच चरित्र सांगितले. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९४७ साली, गावकऱ्यांनी जळालेल्या वाड्याच्या जागी त्याचे स्मारक उभारले.

हे वाचताना वरसईच्या गोडसेभटजींची आठवण होणे अपरिहार्य आहे. काळ जवळजवळ तोच. तेथे बोशिनची यादवी, येथे सत्तावनचे बंड. दोन्हीकडे थोरामोठ्यांचा इतिहास रस्त्यावरच्या सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेला. पण फरक पाहा. मागोमेचे लोक आपल्या लेखकाच्या घराच्या जागेवर आजही पाहुण्यांस नेतात. गोडसेभटजी ज्या वाटेने निघाले ती वाट चालावयास, त्यांच्या वरसईस केवळ त्यांच्यासाठी म्हणून, किती मराठी वाचक गेले असतील? मी स्वतः गेलेलो नाही. म्हणून हा प्रश्न दुसऱ्यास विचारण्याचा मला अधिकारही नाही. वाटा राखण्याचे काम ठराव करतात हे खरे, पण ठराव करण्याची बुद्धी होण्यासाठी त्या वाटेविषयी कोणीतरी काही लिहिलेले असावे लागते आणि ते कोणीतरी वाचलेले असावे लागते. साहित्याचा हा उपयोग धड्यांच्या साहित्यापेक्षा दूरचा असला तरी अधिक टिकाऊ आहे.

घरी येऊन मी माझ्या चालण्याचे टाचण केले आणि उत्साहाच्या भरात ते आमच्या वडील बंधूंस, म्हणजे पुतणीच्या वडिलांस, वाचून दाखविले. दादांचे गुडघे गेली सहा वर्षे त्यांस अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत. त्यांनी ऐकून घेतले व मग एकेक दुरुस्ती सुरू केली. ते वडाचे झाड नव्हे, पिंपळ. औद्योगिक वसाहत आली तेव्हा तेथील भातखाचरे गेली. त्याआधी पावसाळ्यात त्या बाजूने जाता येत नसे. अंबरनाथला पोचावयास मला अडीच तास लागले, त्यांस दीड लागे. कारण ते ज्या कारखान्यात होते तेथे रात्रपाळी संपल्यावर गाडी नसे, आणि पहिल्या दोन वर्षांत ते कितीदा तरी त्या वाटेने बेलवलीपर्यंत चालत आले होते. हे मला ठाऊक नव्हते. एका घरात राहून ठाऊक नव्हते, कारण त्यांनी ते कधी सांगण्याजोगे मानले नाही आणि मी कधी विचारले नाही.

मात्सुओ बाशो १६८९ साली आपल्या सोरा नावाच्या शिष्यास घेऊन उत्तरेच्या मुलखात पायी हिंडला. त्या प्रवासावरील त्याचे छोटेसे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७०२ साली निघाले आणि जपानी प्रवासगद्याचा तो मानदंड ठरला. पुढे सोराची रोजनिशी हाती आली, ती १९४३ साली छापली गेली. तेव्हा ध्यानी आले की, गुरूने तारखा बदलल्या, प्रसंग मागेपुढे केले, काही तर मनाचेच घातले. म्हणून बाशो खोटा ठरला काय? नाही. त्याने जे बदलले ते चालण्याचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून बदलले; चालणे मात्र खरेच होते. आपल्याकडे गोडसेभटजींचे उलट झाले. त्यांच्या लिखाणात संपादकाने बदल केले होते. मूळ पाठ १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला, तेव्हा भटजींचे स्वतःचे खडबडीत बोलणे वाचकांस ऐकावयास मिळाले. दोन्ही उदाहरणांवरून एकच नियम निघतो. प्रवासवर्णनात कला असावी की नोंद, हा वाद व्यर्थ आहे. एक बाशो आणि एक सोरा, दोघेही वाटेवर हवेत. माझ्या टाचणास सोरा भेटला तो अंगणातल्या खुर्चीवर.

आता पुतणीच्या वहीकडे परत येतो. दादांनी ती माझ्याआधीच वाचली होती, हे मला त्याच संध्याकाळी कळले. ती मुळात त्यांच्यासाठीच लिहिली होती. त्यांचे मत विचारता ते म्हणाले, "छान आहे. पण खिंडीची चढण किती? मलंगगडाएवढी का?" मी आकडे पाहून सांगितले की, मागोमे मुळातच उंचावर असल्याने तेथून चढ दोनेकशे मीटरांचाच, मलंगगडापुढे काहीच नव्हे. त्यांस समाधान वाटले. "मग मलाही जमली असती, तेव्हा," एवढे म्हणून ते गप्प झाले. समासांत पेन्सिलीने मी ओळीच्या ओळी लिहिल्या होत्या. परंतु चढण वाचकाच्या पायांस कळली पाहिजे, हे टीकेचे मर्म गुडघे गेलेल्या माणसाने एका प्रश्नात सांगितले.

पुतणीने तो प्रश्न ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बसून बापाला सगळी वाट पुन्हा सांगितली, आणि या वेळी वहीत नसलेले सारे आले. रानात अस्वले आहेत म्हणून वाटेवर जागोजागी पितळी घंटा टांगलेल्या आहेत. प्रत्येक घंटा वाजवीत जावयाचे, आणि पुढे गेलेल्या कोणा अनोळखी माणसाची घंटा ऐकू आली की सोबत आहे असे वाटते. चहाघरातला म्हातारा पैसे मागत नाही. पेटीत वाटेल ते टाका म्हणतो. उतारावर तिच्या डाव्या टाचेस फोड आला, त्सुमागोच्या खाणावळीत मालकिणीने काही न बोलता गरम पाण्याचे घमेले पुढे ठेवले, आणि तेव्हा तिला रडू आले ते बेलवलीच्या घराच्या आठवणीने. "हे का लिहिले नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "हे लिहिण्यासारखे आहे असे वाटले नाही."

माझ्या मते मराठी प्रवासवर्णनाचा खरा रोग याच उत्तरात आहे. दादांनी रात्रपाळीची वाट सांगण्याजोगी मानली नाही. पुतणीने फोड आणि घमेले लिहिण्याजोगे मानले नाही. आणि मी बेलवलीचा रस्ता चालण्याजोगा मानला नाही. लिहावयाचे ते मोठे, दूरचे, शिकण्यासारखे असले पाहिजे, अशी आपली समजूत आहे. या समजुतीने आपल्या भाषेत राजधान्यांची वर्णने भरपूर झाली आणि पायवाटा ओसाड राहिल्या.

तेव्हा माझा अभिप्राय असा. वही आहे त्या स्वरूपात छापू नये. तिच्यातील 'आपल्याकडे पाहा' अशी वाक्ये काढावीत. जेथे तुलना राहील तेथे तिचे कारण द्यावे. 'निसर्गरम्य' हा शब्द खोडून त्या जागी आठ किलोमीटर लिहावेत. घंटा, चहा, फोड, घमेले आणि रडू ही पाच प्रकरणे नव्याने घालावीत. असे केल्यास दोन दिवसांच्या एका साध्या फेरीतून मराठीस एक चांगला प्रवासलेख मिळेल, याविषयी मला शंका नाही.

पुतणीने ही दुरुस्ती मान्य केली आहे. परंतु तिची एक अट आहे. पुढच्या सुटीत ती येईल तोवर बेलवली ते अंबरनाथ ही वाट मीही लिहून ठेवावी. आणि ती एकट्याने लिहू नये, दादांस विचारून लिहावी. अट न्याय्य आहे. पिंपळाची दुरुस्ती मी केली आहे. भातखाचरांपर्यंत आलो आहे.